गोमाशी ओळखायची कशी?

बागेत बसलेल्या मोठ्या डोळ्यांच्या माशीचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि ‘ही कोणती?’ असे जाणकाराला विचारायचे, हे आज सोपे झाले आहे. पण याच प्रश्नावर एकेकाळी घोड्या-उंटांचे जीव अवलंबून होते.

1880 साली पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे (आज हे गाव पाकिस्तानात आहे) घोडे आणि उंट ‘सर्रा’ रोगाने मरत होते. लष्करातील पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स यांना त्यांच्या रक्तात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. रोगाचे मूळ हेच, असे त्यांनी सांगितले, पण वरिष्ठांनी ते मानले नाही. उंदरांच्या रक्तात असेच जीव आढळले होते आणि ते निरुपद्रवी समजले जात. पुढे त्या जीवाला इव्हान्स यांचेच नाव मिळाले.

1901 मध्ये लिओनार्ड रॉजर्स यांनी प्रयोगाने दाखवले की हा रोग गोमाशी पसरवते. हा जीव माशीच्या अंगात वाढत नाही. अर्धवट रक्त पिऊन उठलेली माशी लगेच दुसऱ्या जनावराला चावली, की सोंडेवरच्या ओल्या रक्तातून रोग पुढे जातो.

‘सर्रा’ शब्दाचे मूळ काही इंग्रजी कोश मराठी ‘सूर’मध्ये, म्हणजे नाकातून येणाऱ्या श्वासाच्या आवाजात, शोधतात. नावांची गंमत इथेच संपत नाही. उर्दूत ‘डांस’ म्हणजे गोमाशी, मराठीत ‘डास’ म्हणजे मच्छर. मूळ एकच, ‘दंश’. म्हणून नुसत्या नावावर विसंबून चालत नाही, माशी नीट पाहावी लागते.

फोटोत आधी डोळे पाहा. दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतील तर बहुधा नर, मध्ये फट असेल तर मादी. रक्त पिते ती मादीच. मग पंख पाहा. टॅबॅनस या गटात ते बहुधा स्वच्छ असतात, क्रायसॉप्समध्ये गडद पट्टे दिसतात, तर हिमॅटोपोटामध्ये राखाडी नक्षी.

जुन्या अभ्यासकांपुढे असत त्या टाचणीला टोचलेल्या, वाळलेल्या माश्या. जिवंतपणी डोळ्यांवर चमकणारे हिरवे-जांभळे पट्टे मेल्यावर विरून जातात. तुमच्या फोटोत ते शाबूत असतात. मात्र कपाळाची रुंदी आणि शिंगिकांची ठेवण स्पष्ट दिसली नाही, तर जाणकारही गटापर्यंतच सांगू शकतो, नेमकी जात नाही. म्हणून फोटो एक नको, तीन काढा: वरून, समोरून आणि बाजूने.