पहिली खेळी आणि तिचा नियम

मनुष्याचा खेळ पाहून त्याचा स्वभाव ओळखावा, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. जो आरंभीच चाल करून जातो तो धाडसी, आणि जो घर सांभाळीत बसतो तो भित्रा, असा निवाडा आपण सहज देऊन टाकतो. व्यक्तीविषयीच नव्हे, तर समाजाविषयीही असे निवाडे दिले जातात. परंतु बुद्धिबळाचा इतिहास पाहता आमचे मत असे झाले आहे की, पहिल्या दहा खेळ्यांत दिसणारे धाडस किंवा सावधपणा पुष्कळ वेळा खेळाडूचा नसतो. पट मांडण्यापूर्वी जे नियम ठरले त्यांचा असतो.

देशी पद्धतीने खेळणारी वडीलधारी माणसे पाहिलेले वाचक नागपूर-कामठीकडे अद्यापही आढळतील. त्या पद्धतीत प्यादे सामान्यतः पहिल्या खेळीतही एकच घर चाले. किल्लेकोट नसे, त्याऐवजी राजाला शह बसलेला नसल्यास डावात एकदा घोड्याची चाल चालण्याची मुभा असे. पलीकडच्या टोकास पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी पोचेल तेच मोहरे होई. युरोपीय पद्धतीत प्यादे प्रथम दोन घरे चालू शकते, आणि टोकास पोचताच बहुधा त्याचा वजीर होतो.

हा फरक दिसावयास लहान, पण परिणामाने फार मोठा आहे. प्यादी दोन घरे चालली की तिसऱ्या-चौथ्या खेळीतच दोन्ही सैन्ये भिडतात, आणि शत्रूच्या मुलखाचा शोध आरंभापासून घ्यावा लागतो. प्यादी एकेक घर चालली की तेवढी घाई उरत नाही. प्रत्येकजण प्रथम आपल्याच मुलखात तटबंदी करतो, आणि खरे नैपुण्य डावाच्या उत्तरार्धात दिसते. मुंबईस १८१४ साली तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ संस्कृतातून इंग्रजीत उतरून प्रसिद्ध झाला. ‘युरोपीय खेळपद्धतीस जुळविलेला’ असे त्याच्या नावातच म्हटले आहे. आणि त्यात मुख्यतः आहेत त्या अटीतटीच्या स्थिती, प्रारंभीच्या खेळ्या नव्हेत. ज्या नियमांत आरंभी शोधण्यासारखे थोडे, त्यांत विद्वत्ता शेवटाकडे वळली, यात नवल ते कोणते?

ही सवय परक्या नियमांत गेली तेव्हा काय घडले, याचे दोन दाखले आहेत. गेल्याच्या आधीच्या शतकाच्या मध्यास कलकत्त्याचे महेशचंद्र बंदोपाध्याय हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टरशी युरोपीय नियमांनी अनेक डाव खेळले. ते प्यादे एक घर सारून उंट बाजूला बसवीत आणि पटाचा मध्य प्रतिपक्षास खुशाल घेऊ देत. तत्कालीन युरोपीय दृष्टीस ही मांडणी विचित्रच होती. पण १९२२ साली ग्रुनफेल्ड याने जो बचाव रूढ केला, तो महेशचंद्रांनी १८५५ सालीच खेळलेला होता. आज जगभर ‘इंडियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बचावांच्या मुळाशी देशी नियमांची ही सवय असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

दुसरा दाखला पंजाबच्या मीर सुलतान खान यांचा. १९२९, १९३२ व १९३३ साली त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, आणि १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत कापाब्लांकासारख्या माजी जगज्जेत्यास हरविले. तरी आरंभात ते दुबळे, हा शेरा त्यांच्या माथी कायमचा बसला. वस्तुतः देशी नियमांवर वाढलेल्या खेळाडूस तो आरंभच नवखा होता.

पुढे सर्वत्र एकच नियम झाला. त्याचा लाभ निर्विवाद आहे. त्यावाचून नागपूरच्या दिव्या देशमुख हिला २०२५ साली बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकता आला नसता. पण नियम एक झाला आणि आरंभीच्या वाटा पाठ होऊ लागल्या. संगणकाच्या साह्याने वीस-वीस खेळ्या घोकून येणाऱ्यास शोध घेण्याचे काही उरत नाही. ह्याच कारणास्तव बॉबी फिशर याने १९९६ साली मागच्या रांगेतील मोहरी दरवेळी बदलून मांडण्याची पद्धत जाहीर केली. तीत ९६० आरंभ संभवतात. पाठांतर निरुपयोगी होऊन पहिल्या खेळीपासून विचार करणे भाग पडते.

डावापूर्वी नियम निवडण्याची ही मुभा आजची मुले संगणकावर जे राज्यविस्ताराचे खेळ खेळतात त्यांत पूर्णत्वास गेली आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या १९९९ च्या दुसऱ्या भागात नकाशा झाकलेला ठेवावा, भूप्रदेश तेवढा उघडा करावा, की सर्वच उघडे करावे, हे खेळणाराच आधी ठरवितो. झाकलेल्या नकाशात पहिला घोडेस्वार हेर म्हणून दौडतो. सर्व उघडे असता त्याचे हे काम संपते आणि सारे लक्ष घरच्या धान्यावर व लाकडावर जाते. ‘सिव्हिलायझेशन’च्या २००५ च्या चौथ्या भागात वाटेवरील वस्त्या काढून टाकता येतात. त्या असल्या तर तेथे सोने किंवा नवी विद्या मिळेल ह्या आशेने स्वार दूर जातो. त्या नसल्या आणि रानटी टोळ्या मात्र वाढविल्या, तर तोच खेळाडू तटाआड राहतो. खेळाडू तोच, बुद्धी तीच. बदलला तो नियम.

म्हणून घरचे मूल पटावर बिचकते, किंवा एखादा समाज उद्योगात पुढे पाऊल टाकीत नाही, असे दिसले असता त्याला भित्रे ठरविण्याची घाई करू नये. त्याच्या पहिल्या पावलास कितपत फळ मिळते, चुकल्यास केवढा दंड होतो, आणि हे नियम त्याने निवडले की इतरांनी, एवढे आधी विचारावे. महेशचंद्रांच्या मांडणीची योग्यता युरोपास पटावयास जवळजवळ सत्तर वर्षे लागली. आपल्या मुलांच्या बाबतीत इतका अवधी आपल्यापाशी नाही.