मूर्ती वाचायला शिका, नाहीतर वारसा दुसऱ्याच्या नावावर जाईल

वर्तकनगरच्या पाठीशी येऊरचा डोंगर आहे. त्या जंगलाच्या पलीकडच्या अंगाला कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे हा आपल्याच परिसराचा इतिहास. पण आपल्यापैकी किती जणांना तिथल्या मूर्ती वाचता येतात?

सुरुवातीच्या काळात बुद्धाची मूर्ती कोरत नसत. स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे हीच बुद्धाची खूण. म्हणून भाजे लेण्याच्या चैत्यगृहात फक्त स्तूप आहे. कार्ले लेण्याच्या दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती मूळच्या नाहीत, काही शतकांनी कोरलेल्या आहेत. कान्हेरीच्या लेणी क्र. ३ मधील सुमारे सात मीटर उंचीचे दोन उभे बुद्धही असेच नंतरचे.

बुद्ध ओळखावा कसा? डोक्यावर उष्णीष, लांब कानाच्या पाळ्या, अंगावर चीवर, दागिना एकही नाही. उजवा हात जमिनीकडे असेल तर भूमिस्पर्श मुद्रा, दोन्ही हात छातीशी असतील तर धम्मचक्रप्रवर्तन मुद्रा. मुकुट, दागिने आणि हाती कमळ असेल तर तो बुद्ध नव्हे, बोधिसत्त्व. कान्हेरीच्या लेणी क्र. ४१ मध्ये अकरा मुखांचा, चार हातांचा अवलोकितेश्वर आहे. अनेक मुखे आणि चार हात दिसले की कुठल्याही देवाचे नाव द्यायला लोक मोकळे! नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणतात, ते काय पांडवांनी कोरली म्हणून? तिथले शिलालेख तर सातवाहन आणि क्षत्रपांनी भिक्खुसंघाला दिलेल्या दानाचे आहेत.

पण चूक आपणही करतो. ध्यानस्थ मूर्ती दिसली की लगेच 'बुद्ध' म्हणतो. छातीवर श्रीवत्स असेल आणि अंगावर चीवर नसेल, तर तो जैन तीर्थंकर असतो. दुसऱ्यांच्या खोट्या दाव्याला आपला खोटा दावा हे उत्तर नाही.

बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे नाकारते. ती केवळ तोंडपाठ असून भागणार नाही. शेंदूर फासलेल्या दगडातला बुद्ध पुराव्यासह दाखवता आला पाहिजे. पुढच्या रविवारी मुलाबाळांना घेऊन कान्हेरीला जाऊया. सेल्फी नंतर, आधी मुद्रा ओळखूया.

जय भीम! नमो बुद्धाय!