उंबऱ्याच्या आतला पंचनामा : घरझडती, अमली पदार्थ आणि अपिलाचा इतिहास

आजचा विषय कायद्याचा आहे, पण कलमांची यादी वाचून दाखवायला मी आलेलो नाही. एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. पोलीस एका घरात शिरले, कपाटातून चरसाची पाकिटं निघाली, खटला चालला आणि घरातल्या माणसाला दहा वर्षांची शिक्षा झाली. आता तो उच्च न्यायालयात अपील करतो. माल तर सापडलेला आहे. मग हा माणूस अपिलात म्हणणार तरी काय? या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे गेल्या सत्तर वर्षांत कसं बदलत गेलं, ते आज बघू.

सुरुवात करू १९५४ पासून. एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी सांगितलं की, झडतीविरुद्ध अमेरिकेच्या राज्यघटनेत जसं संरक्षण आहे तसं आपल्या घटनाकारांनी घातलेलं नाही. म्हणजे घटनेचा आधार गेला. राहिली फौजदारी प्रक्रिया संहिता. तिच्यात झडतीचे नियम होते: त्याच वस्तीतले दोन प्रतिष्ठित पंच हवेत, झडती त्यांच्या समोर व्हावी, सापडलेल्या वस्तूंची यादी करून त्यावर सह्या घ्याव्यात. आपण ज्याला पंचनामा म्हणतो, तो हाच.

पण हे नियम मोडले तर काय? १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला राधा किशन नावाच्या उत्तर प्रदेशातल्या पोस्टमनचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. न वाटलेली पत्रं त्याच्या घरात सापडली होती. झडती बेकायदा होती, हा त्याचा मुद्दा. न्यायालय म्हणालं, झडती बेकायदा असेल तर तुम्ही अडवू शकत होता, आम्हीही पुरावा जास्त बारकाईनं तपासू, पण तेवढ्यानं जप्ती रद्द होत नाही. तरीही पोस्टमन सुटला. कशामुळे? घर वडिलांचं, सगळे एकत्र राहणारे, आणि कपाटाची किल्ली दिली ती वडिलांनी. मग ताबा एकट्या मुलाचा कसा मानायचा? ही किल्ली लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७३ मध्ये पूरणमल खटल्यात, तो प्राप्तिकराचा होता, हेच तत्त्व पक्कं झालं. पुरावा मुद्द्याशी संबंधित असेल, तर तो बेकायदा झडतीतून आला एवढ्या कारणानं फेकून देता येत नाही.

मग आलं १९८५ साल आणि अमली पदार्थविरोधी कायदा, एनडीपीएस. त्याआधीच्या १९३० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा होती. नव्या कायद्यात चरस, हेरॉईन यांसाठी कमीत कमी दहा वर्षं, वर किमान एक लाख रुपये दंड. स्वतःच्या वापरापुरत्या थोड्या मालाला वेगळी सवलत होती, पण माल तेवढ्यासाठीच होता हे आरोपीनं सिद्ध करायचं. ताबा सिद्ध झाला की गृहीतकंही आरोपीच्या विरोधात. १९८९ मध्ये आणखी एक दार बंद झालं. कलम ३२-अ असं सांगत होतं की, या कायद्याखाली झालेली शिक्षा स्थगित करायची नाही. म्हणजे अपील करा, पण निकाल लागेपर्यंत तुरुंगातच बसा. अपिलाला वर्षानुवर्षं लागत असतील, तर जिंकलेल्या अपिलाचा तरी उपयोग काय?

हे बंद दार उघडलं महाराष्ट्रातल्या एका कैद्यानं. दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २०००. सर्वोच्च न्यायालयानं अपील न्यायालयाचा शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार काढून घेणारा भाग घटनाबाह्य ठरवला. अर्थात कलम ३७ च्या कडक अटी राहिल्याच. तरी अपिलाला पुन्हा थोडा अर्थ आला.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. कायदा इतका कडक केला, तेव्हा संसदेनं अधिकाऱ्यालाही बांधून घातलं. घरझडतीसाठी महत्त्वाचं आहे ते कलम ४२. खबऱ्यानं खबर दिली, तर ती आधी लिहून काढायची. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं असेल, तर वॉरंटसाठी का थांबता येत नाही त्याची कारणं नोंदवायची. आणि त्या लेखाची प्रत वरिष्ठाला पाठवायची. मूळ कायद्यात शब्द होता ‘तात्काळ’. २००१ च्या दुरुस्तीनं त्याचे ७२ तास झाले.

हे एवढं लिहून घ्यायचं कशाला, असं कुणालाही वाटेल. बघा, झडतीच्या वेळी घरात कोण असतं? पोलीस, घरातली माणसं आणि पोलिसांनीच आणलेले दोन पंच. पुढे कोर्टात पंच फितूर होतात, हे तर नेहमीचंच. मग पाकीट आधीपासून तिथे होतं की नंतर आलं, हे ठरवायचं कशावरून? दार ठोठावण्यापूर्वी लिहिलेला कागद, एवढीच एक गोष्ट नंतर रचता येणं अवघड असतं.

न्यायालयांना हे पटत गेलं, पण सरळ रेषेत नाही. १९९४ च्या बलबीर सिंग निकालानं कलम ४२ ची लेखी नोंद बंधनकारक ठरवली. १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांनी अंगझडतीच्या कलम ५० बद्दल ठामपणे सांगितलं की, ते मोडून मिळालेला माल ताब्याचा पुरावा म्हणून चालणार नाही. पूरणमलचा आधार इथे घेता येणार नाही, हेही म्हटलं. इथे अनेकांचा गोंधळ होतो. कलम ५० माणसाच्या अंगाच्या झडतीपुरतं आहे, घराच्या कपाटाला ते लागू होत नाही. २००५ च्या पवन कुमार निकालानं तर हातातली पिशवीसुद्धा त्यातून वगळली. त्यामुळे घरझडतीच्या अपिलाचा भार कलम ४२ वरच येतो.

आणि त्या कलमाबद्दल २००० च्या आसपास दोन निकाल दोन दिशांना गेले. एकात काटेकोर पालन हवं, दुसऱ्यात परिस्थिती बघून सूट. शेवटी २००९ मध्ये करनैल सिंग खटल्यात पाच न्यायाधीशांनी मधली वाट काढली. नोंद करायला किंवा पाठवायला उशीर झाला आणि कारण पटण्यासारखं असेल, तर चालेल. काहीच लिहिलं नाही, काहीच पाठवलं नाही, तर मात्र चालणार नाही.

अपिलात आणखी दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, घर कुणाचं? इथे ती पोस्टमनची किल्ली परत येते. १९९६ च्या मोहम्मद आलम खान खटल्यात जागा आरोपीच्या ताब्यात होती, हेच सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही आणि शिक्षा टिकली नाही. दुसरा, माल कुठे आहे? २००३ मध्ये मध्य प्रदेशातल्या जितेंद्र खटल्यात जप्त केलेला मुद्देमाल कोर्टापुढे आणलाच नव्हता, पंचही फितूर. आरोपी सुटले. यात भर पडली २०२० च्या तूफान सिंग निकालाची. अमली पदार्थ अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आता शिक्षेचा आधार होऊ शकत नाही.

कुणी विचारेल, मग खरे गुन्हेगार कागदाच्या चुकीवर सुटतात त्याचं काय? सुटतात, आणि ज्यांच्या घरातलं पोर व्यसनात गेलंय त्यांना याचा संताप येणारच. पण ती चूक टाळणं पूर्णपणे अधिकाऱ्याच्या हातात असतं. चार ओळी लिहायच्या आणि वरिष्ठाला पाठवायच्या. उलट ज्याच्या घरात माल ‘सापडला’ म्हणून सांगितलं जातं, त्याच्या हातात काहीच नसतं.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं झडतीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. उद्याच्या अपिलांत कागदासोबत मोबाइलची फीतही तपासली जाईल. पण कॅमेरा दाराच्या आत सुरू होतो. दार ठोठावण्यापूर्वी काय माहीत होतं, हे अजूनही कलम ४२ चा कागदच सांगणार आहे. इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.