दुकान सापडलं, पण उघडं आहे का?

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात फेब्रुवारी 1878 मध्ये टेलिफोनधारकांची यादी छापली गेली. यादी कसली, एकच पान! त्यावर पन्नासेक नावं: काही घरं, डॉक्टर, दुकानं, पोलीस, टपाल कचेरी. नंबर एकाचाही नाही. ऑपरेटरला नाव सांगितलं की भागत असे. पुढे 1883 मध्ये वायोमिंगमधल्या शायेन इथल्या छापखान्यात पांढरा कागद संपला, म्हणून यादी पिवळ्या कागदावर काढावी लागली, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, रंग मात्र टिकला. 1886 मध्ये शिकागोत रूबेन डॉनेली यांनी धंद्यांची वर्गवार डिरेक्टरी काढली आणि पुढची शंभर वर्षं तिचीच री ओढली गेली.

वर्षातून एकदा छापलेलं हे जाडजूड पुस्तक दुकान कुठे आहे ते सांगे. या घटकेला शटर वर आहे की खाली, हे त्याला कुठून कळणार?

मुंबईत 1996 मध्ये व्ही. एस. एस. मणी यांनी ‘जस्ट डायल’ सुरू केलं. लक्षात राहावा म्हणून नंबर घेतला तोही नुसता आठांचा. फोन लावायचा, काय हवं आणि कुठल्या भागात ते सांगायचं. पलीकडची व्यक्ती संगणकात बघून दोन-चार नावं-नंबर देई. छापील डिरेक्टरीपेक्षा माहिती ताजी आणि इंटरनेटची गरज नाही. घरोघरी संगणक नसलेल्या देशाला ही सोय मानवली यात नवल नाही.

न्यूयॉर्कमध्ये 2000 च्या सुमारास आलेल्या ‘विंडिगो’ची गंमत वेगळीच. हा प्रोग्राम पाम कंपनीच्या खिशात मावणाऱ्या यंत्रावर चाले. त्या यंत्राला आपण कुठे उभे आहोत याचा पत्ता नसे. मग वापरणाऱ्यानेच कुठले दोन रस्ते जिथे मिळतात तो चौक निवडायचा, की जवळची हॉटेलं, दुकानं आणि थिएटरं अंतराच्या क्रमाने हजर. माहिती सकाळी टेबलावरच्या संगणकाला यंत्र जोडून भरून घ्यायची. मॅनहॅटनचे रस्ते आखीव, म्हणून हे जमलं. पुण्याच्या पेठांत कुणी असा चौक निवडायचा म्हटला असता, तर आधी चौकाच्या नावावरून वाद झाला असता.

2000 च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तोवर ठिकाण शंभर मीटरपर्यंत हुकू शकत असे, म्हणजे लक्ष्मी रोडवरचा माणूस मागच्या गल्लीत दिसला असता. फोनमध्ये जीपीएस रुळायला आणखी काही वर्षं गेली. 2009 पासून ब्राउझरही परवानगी मागून वेबसाइटला वापरणाऱ्याचं ठिकाण कळवू लागले. धंद्यांची यादी देणाऱ्या वेबसाइटना मग नव्याने मांडणी करता आली. पत्ता टाइप करायला लावण्याऐवजी पान उघडताच आसपासची दुकानं समोर, सगळ्यात जवळचं आधी.

‘कुठे’ सुटलं. ‘आत्ता’ मात्र छळत राहिलं. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशात दुकानाच्या वेळा लिहिण्याची स्वतंत्र पद्धत आहे. तिच्यात दिवसाच्या दोन पाळ्या, सणाच्या सुट्ट्या, अगदी ‘सूर्यास्तापर्यंत’ असंही लिहिता येतं. एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर पुण्यातलं जुनं दुकान आठवावं. सकाळी नऊ ते एक, मग चार ते साडेआठ. ज्या तक्त्यात उघडण्या-मिटण्याची एकच जोडी बसते, तो अशा दुकानाबद्दल रोज तीन तास धडधडीत खोटं बोलणार.

महाराष्ट्रात एके काळी असल्या तक्त्याची गरजच नव्हती. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानांच्या वेळा बांधून दिल्या होत्या आणि आठवड्यातला एक दिवस बंद सक्तीचा होता. सलून सोमवारी बंद, हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक. पुण्याची एक ते चार ही वेळ कुठल्या कायद्यात नव्हती, तरी ती कायद्याहून कडक पाळली गेली. इतकी की 2017 मध्ये पुण्याच्या चितळे बंधू मिठाईवाल्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं, त्याची बातमी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात राज्याचा नवा कायदा लागू झाला. कामगारांना आठवड्याची सुट्टी पाळीपाळीने देऊन दुकान वर्षाचे 365 दिवस चालवायला मुभा मिळाली. गिऱ्हाइकाची सोय झाली खरी, पण वेळ गृहीत धरायची सोय गेली. दोन शेजारच्या दुकानांचं वेळापत्रकही आता जुळेल असं नाही.

कोरोनाकाळात तर कहर झाला. जून 2020 मध्ये टाळेबंदी सैल करताना राज्यात अनेक ठिकाणी एक दिवस रस्त्याच्या एका बाजूची दुकानं, दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूची, असा नियम लागला. सोमवार-मंगळवाराच्या रकान्यांत हे बसवायचं कसं? दुकानदारांनी आपल्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर कळवायला सुरुवात केली. जगातली सर्वांत मोठी नकाशासेवा चालवणाऱ्या गूगलनेही त्या वर्षी वेळा तपासण्यासाठी साधाच मार्ग धरला. काही देशांत त्यांचं बोलणारं यंत्र दुकानांना थेट फोन करून विचारू लागलं की, आज उघडे आहात का आणि किती वाजेपर्यंत?