उशीसारखा फुगलेला पत्रा

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवर हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चं पुढचं छप्पर सुमारे २४,००० फुटांवर उडून गेलं. एका हवाईसुंदरीचा जीव गेला. विमान तोवर ८९,६८० वेळा उडालं होतं, तेही समुद्राच्या खाऱ्या हवेत. विमानात चढतानाच एका प्रवासी बाईला दाराजवळ तडा दिसला होता, पण त्या कुणाला बोलल्या नाहीत!

आता यात ऑप्टिक्स कुठे आलं? विमानाचे पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेट मारतात. सांध्यात ओल शिरली की आतून अॅल्युमिनियम गंजतं आणि त्या गंजाला मूळ धातूच्या सुमारे साडेसहापट जागा लागते. रिव्हेटपाशी पत्रा जखडलेला, म्हणून दोन रिव्हेटमधला भाग उशीसारखा फुगतो. फुगवटा इतका थोडा की नुसत्या डोळ्याला पत्रा सपाटच वाटतो.

तो पकडायची एक युक्ती आली मोटारींच्या धंद्यातून. डेट्रॉइटसमोर, नदीपलीकडे कॅनडातलं विंडसर आहे. तिथल्या डिफ्रॅक्टो कंपनीने १९८० च्या दशकात गाड्यांचे पत्रे तपासायला ‘डी साइट’ काढलं. दिव्याचा प्रकाश पत्र्यावरून बारीक काचमण्यांच्या पडद्यावर जातो. पडदा तो आल्या वाटेने परत पत्र्यावर पाठवतो आणि दिव्याशेजारचा कॅमेरा ते टिपतो. उतार जरासा बदलला तरी तिथे उजेड-अंधाराचा पट्टा उमटतो. मोजला जातो तो उतार, उंची नव्हे, हे नीट लक्षात ठेवा. फुकोने १८५८ च्या सुमारास दुर्बिणीचे आरसे सुरीच्या धारेने तपासले, त्याच कुळातली ही कल्पना. (गॅरेजवाला ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघून पोचा शोधतो, तोही याच कुळातला!)

अलोहानंतर जुन्या विमानांची धास्ती वाढली आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने हेच तंत्र विमानांच्या गंजलेल्या सांध्यांवर आजमावलं. मोठा भाग झटपट तपासून होतो, हा फायदा. पण पत्रा चकचकीत हवा, नाहीतर त्यावर पातळ द्रव फासावा लागतो. शिवाय फुगवटा गंजाचा की जुन्या दुरुस्तीचा, हे चित्र सांगत नाही. त्यासाठी एडी करंटची तपासणी करावीच लागते.

आमच्या पनवेलशेजारी, खाडीकाठच्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडतायत. हवा खारी, वर चार महिने पाऊस. इथे उभ्या राहणाऱ्या विमानांच्या सांध्यांवर असं काम करायला मला तरी आवडेल.