निफाडचे न्यायमूर्ती आणि सरकारचा संशय

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाड येथे झाला. सुधारक म्हणून आपण त्यांना ओळखतो. येथे आम्हांला त्यांच्यावरील संशयाचा विचार करावयाचा आहे.

१८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार हादरले होते. मे महिन्यात पुण्याचा बुधवारवाडा जळाला आणि रानड्यांची तातडीने धुळ्यास बदली झाली. तेथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. बंडवाल्यांच्या नावाने येणारी पत्रे रानडे स्वतःच पोलिसांच्या हवाली करीत, असे रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकावरून कळते. पुढे तो संशय निवळला.

सरकारचा हा संशय अन्यायकारक होता, पण तो विकार नव्हता. त्याला बंडाचे निमित्त होते आणि पुराव्यापुढे तो नमला. ‘पॅरानॉइड व्यक्तिमत्त्वविकारा’त नेमके हेच घडत नाही. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेनुसार सात लक्षणांपैकी किमान चार असावी लागतात: आधाराविना फसवणुकीची शंका, मित्रांच्या निष्ठेविषयी अविश्वास, साध्या बोलण्यात अपमान दिसणे, मनातली अढी न सुटणे, जोडीदारावर वारंवार संशय इत्यादी. ही वृत्ती तारुण्यात प्रकटते आणि सर्व नात्यांत पसरते. अशा मनाला पोलिसांकडे दिलेले पत्रही कावेबाजपणाचाच पुरावा वाटले असते.

म्हणूनच येथे वाद घालून उपयोग होत नाही. या विकारावर खास असे औषध नाही. सोबतच्या चिंतेसाठी वा नैराश्यासाठी औषधे दिली जातात. मुख्य भिस्त दीर्घकालीन मानसोपचारावर असते. मात्र दोष इतरांचाच वाटत असल्याने रुग्ण आपणहून क्वचितच येतो. उपचारक संशयाला खोटा होकार देत नाही आणि त्याची टवाळीही करीत नाही. तो दिलेला शब्द पाळतो, काय नोंदवले ते सांगतो आणि फाजील सलगी टाळतो.

साहित्यातील किंवा इतिहासातील संशयी माणसाला आपण चटकन ‘पॅरानॉइड’ म्हणतो. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते: त्याच्या संशयाला काही आधार होता काय? आणि पुरावा समोर आल्यावर तो बदलला काय? रानड्यांचा मोकळेपणा काही काळातच फळास आला. रुग्णासमोर तोच मोकळेपणा वर्षानुवर्षे, न रागावता, दाखवीत राहावा लागतो.