खडूतला बघीरा

बरेच दिवस काही लिहिलं नाही. कारण तसं साधंच आहे. पावसाळा आणि गुडघे! पण गेल्या महिन्यात माझी पुतणी ओसाकाहून आली आणि येताना माझ्यासाठी अंगठ्याच्या पेराएवढं एक प्लॅस्टिकचं कासव घेऊन आली. जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळालं म्हणाली. "काका, तुम्हाला असलं आवडतं ना!" घरातल्या बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस जपानी कार्टून बघतो आणि बाहुल्या जमवतो, हे अजून कोणाच्या पचनी पडलेलं नाही. असो.

हे वेड लागलं १९९३ साली. दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगलीची मालिका लागायची. गुलज़ारांचं शीर्षकगीत त्या वर्षी शाळेच्या मधल्या सुट्टीत पोराटोरांच्या तोंडी असायचं. ही मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी कंपनीची, १९८९ ची, एकूण ५२ भागांची, हे मला फार उशिरा कळलं. किपलिंग इंग्रज, जंगल मध्य प्रदेशातलं, चित्रं जपानी, गाणं हिंदी आणि बघणारे आम्ही मराठी. सगळा गोपाळकालाच! पण त्यातला लांडग्यांचा कळप बघताना मला पहिल्यांदा वाटलं की ही चित्रं काढणारा माणूस प्राण्यांकडे तासन्‌तास बघत बसलेला असणार.

पुतणीने आणलेल्या कासवाच्या पोटावर बारीक जपानी अक्षरं आहेत. ते 'कायोदो'चं आहे. या नावामागची गोष्ट सांगावीशी वाटते, पण त्यासाठी थोडं आडवळणाने जावं लागेल.

जपानी टीव्हीवरची चित्रमालिका आणि मुलांच्या हातातली वस्तू यांची गाठ पहिल्यापासूनच आहे. १ जानेवारी १९६३ ला ओसामु तेझुकांची 'अ‍ॅटम' सुरू झाली. तिचे प्रायोजक मेइजी हे चॉकलेटवाले. चॉकलेटच्या डबीबरोबर अ‍ॅटमचे स्टिकर यायचे आणि पोरं स्टिकरसाठी चॉकलेट घ्यायची. १९७९ मध्ये 'गुंडाम' ही यंत्रमानवांची मालिका आली. ती प्रेक्षकांअभावी ५२ ऐवजी ४३ भागांतच गुंडाळली गेली. पुढे १९८० च्या जुलैत बांदाई कंपनीने तिचे जोडून तयार करायचे प्लॅस्टिकचे नमुने काढले. किंमत ३०० येन. दुकानांपुढे रांगा लागल्या आणि मेलेली मालिका उठून बसली. आज गुंडाम हा केवढा मोठा उद्योग आहे! म्हणजे गोष्टीमुळे खेळणं विकलं गेलं की खेळण्यामुळे गोष्ट जगली, हे सांगणं कठीण.

पण हे सगळे मोठ्या कंपन्यांचे व्यवहार झाले. मला ज्यांचं अप्रूप वाटतं ती पोरं वेगळी.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये ओसाकाला विज्ञानकथाप्रेमींचं विसावं संमेलन भरलं. ओसाकातल्या संमेलनाला 'दाइकोन' म्हणायची पद्धत. शहराच्या नावातल्या पहिल्या अक्षराचा दुसरा उच्चार 'दाइ', त्याला कन्व्हेन्शनमधला 'कॉन' जोडला की झालं. आणि जपानीत दाइकोन म्हणजे मुळा! या कोटीवरच पोरांनी उद्घाटनासाठी पाचेक मिनिटांचा चित्रपट केला. पाठीवर दप्तर घेतलेली एक शाळकरी मुलगी. आकाशातून उतरलेली माणसं तिला पेलाभर पाणी देतात आणि सांगतात, हे मुळ्याला घाल. वाटेत तिच्यावर यंत्रमानव, राक्षस आणि यानं असं अख्खं विज्ञानकथांचं गाठोडं तुटून पडतं. ती सगळ्यांना पुरून उरते आणि सुकलेल्या मुळ्याला पाणी घालते. मुळ्याचं अंतराळयान होतं आणि मुलगी त्यात बसून निघून जाते. बस्स, एवढंच!

हे करणारी मुख्य तीन पोरं होती: हिदेआकी आन्नो, हिरोयुकी यामागा आणि ताकामी आकाइ. तिघंही ओसाकाच्या कला विद्यापीठात शिकणारी, विशीच्या आसपासची. त्यातल्या आन्नोला पुढे विद्यापीठाने फी भरली नाही म्हणून काढून टाकलं. चित्रपट करायला पैसा नव्हता. रंगीत चित्रं ज्या पारदर्शक पत्र्यांवर काढतात ते परवडेनात, म्हणून यांनी कारखान्यातून स्वस्त प्लॅस्टिकचा गुंडाळा आणला आणि तो कापून वापरला. ते तुकडे एकमेकांना चिकटायचे, रंग निघून यायचा. तरीही त्या आठ मिलिमीटरच्या फिल्मवरची मुलगी अशी काही धावते की बघणाऱ्याने हातातला चहा विसरावा. मी विसरलो आहे.

१९८३ ला पुन्हा ओसाकाला संमेलन भरलं आणि त्यासाठी त्यांनी दुसरा चित्रपट केला. आता मुलगी मोठी झालेली. या चित्रपटाला एका इंग्रजी बँडचं गाणं परवानगी न घेता लावलेलं, आणि त्यात दुसऱ्यांची पात्रं तर ढिगाने! त्यामुळे उजळ माथ्याने बाजारात येणं अवघड. पण जपानी चित्रपटांचा नाद असलेल्या जगभरच्या लोकांना हा पाठ आहे.

मधल्या काळात, फेब्रुवारी १९८२ मध्ये, याच टोळीतल्या तोशियो ओकादा वगैरे मंडळींनी ओसाकात 'जनरल प्रॉडक्ट्स' नावाचं दुकान काढलं. तिथे मिळायचे 'गॅरेज किट', म्हणजे घरगुती मूर्ती. मोठ्या कंपन्या जी पात्रं कधी घडवणार नाहीत ती आपणच घडवायची. मूळ मूर्ती हाताने करायची, तिच्यावरून रबराचा साचा घ्यायचा, त्यात रेझीन ओतायचं. एका साच्यातून थोड्याच निघतात, मग साचा फाटतो. विकत घेणाऱ्याने घरी नेऊन कानशीने घासायची, जोडायची, रंगवायची. आमच्या पेणच्या कारखान्यांत गणपतीचे रबरी साचे ज्यांनी पाहिलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पात्रं दुसऱ्याच्या मालकीची, मग हक्काचं काय? यावर जपान्यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. १९८५ पासून जनरल प्रॉडक्ट्सने 'वंडर फेस्टिव्हल' नावाची जत्रा भरवायला सुरुवात केली. तिथे हौशी माणसाला मिळते एका दिवसाची परवानगी. त्या दिवशी, त्याच सभागृहात मूर्ती विकायची. दुसऱ्या दिवशी विकलीत तर गुन्हा! कायदाही राहिला आणि हौसही राहिली. १९९२ पासून ही जत्रा कायोदोने चालवायला घेतली. ती आजही वर्षातून दोनदा भरते.

आणि आता कायोदो. १९६४ साली ओसामु मियावाकी नावाच्या गृहस्थाने ओसाकाजवळ एक खेळण्यांच्या नमुन्यांचं दुकान काढलं. जागा किती, तर दीड त्सुबो, म्हणजे जेमतेम पन्नास चौरस फूट. सांगतात की दुकान काढायचं की नूडल्सचं हॉटेल, हे त्याने लाकडी तलवार उभी करून ती कोणत्या बाजूला पडते यावर ठरवलं. खरंखोटं तलवारीला ठाऊक! दुकानात येणाऱ्या पोरांतूनच मूर्तिकार तयार झाले. मात्सुमुरा शिनोबु हा प्राण्यांचा मूर्तिकार त्यांच्यातलाच. १९९९ मध्ये फुरुता कंपनीच्या चॉकलेटच्या अंड्यांत कायोदोने जपानी प्राण्यांच्या इवल्या मूर्ती घातल्या आणि चॉकलेट बाजूला ठेवून मोठी माणसंसुद्धा त्या जमवू लागली. माझं कासव त्याच घराण्यातलं. पाठीवरच्या खवल्यांच्या रेषा बघायला मला भिंग लागतं.

मुळ्याला पाणी घालणाऱ्या पोरांनी १९८४ च्या अखेरीस 'गाइनाक्स' कंपनी काढली. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये आन्नोची 'इव्हांगेलियन' ही २६ भागांची मालिका आली. तिच्यातल्या रेई या निळ्या केसांच्या अबोल मुलीच्या तर इतक्या मूर्ती झाल्या, की मोजदाद करणं कठीण. मालिकेचे शेवटचे दोन भाग मला नीट कळले नाहीत, नातवालाही कळले नाहीत, पण तो कबूल करत नाही. त्या कंपनीने मात्र २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. पोरं केव्हाच पांगली होती. वाचून मला दोन दिवस चुटपुट लागली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

मोगलीच्याच वर्षी सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. नाव लिहीत नाही. मी व्याकरण शिकवत होतो आणि हा कंपासमधल्या कर्कटकाने बाकाखाली काहीतरी कोरत होता. जवळ जाऊन पाहिलं तर खडू! फळ्याखालचे तुकडे उचलून त्याने बघीरा कोरला होता. बोटाएवढा, बसलेला, मान वळवलेला, शेपूट पायांभोवती घेतलेली. दप्तरात काडेपेटीत कापूस घालून आणखी चार होते. अकेला होता, बल्लू होता, बाकीचे दोन आठवत नाहीत. मी त्याला "शाळेचे खडू चोरतोस?" असं सगळ्यांसमोर विचारलं, पाचही खडू हातात चुरले आणि चुरा त्याच्याच वहीवर टाकला. तो रडला नाही. वही झटकून पुन्हा उघडली आणि मी सांगत होतो ते प्रयोग लिहून घेऊ लागला. पुढे वर्षभर तो माझ्या तासाला काही करताना दिसला नाही. मी स्टाफरूममध्ये सांगितलंही, एकदा बोललो आणि सुधारला.

मी दर रविवारी तीच मालिका घरी चवीने बघत होतो. पण त्याला ते सांगितलं नाही.

पुतणीला हे सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. शिकोकू बेटावर, शिमान्तोच्या डोंगरात, मुलं नाहीत म्हणून बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेत कायोदोने २०११ मध्ये मूर्तींचं संग्रहालय केलंय. तिथे खास हे बघायला लोक जातात.

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी त्या मुलाची चौकशी केली. त्याचे वडील बदलीच्या नोकरीत होते, आठवीनंतर ते गेले, एवढंच एकाला आठवतं.

काल पेठेतून खडूचा डबा आणला. कर्कटक नातवाचं घेतलं. पाठीचा बाक जमतो, पण कानापाशी आलं की खडू मोडतो. सहा मोडले.